ओपीडीत न येणाऱ्यांची मोजणी

बाळ,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. जिल्ह्यातल्या १५ ते ४९ वयाच्या माणसांत लैंगिक संसर्ग किती, हे शोधायला घेतलंस याचा फार आनंद झाला. पण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या गुप्तरोग ओपीडीतले रुग्ण मोजून हा आकडा मिळणार नाही. तिथे येतो तो त्रास वाढल्यावर, लाज बाजूला ठेवून. क्लॅमिडिया हा लैंगिक संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. कुणी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतं. उलट अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या कितीतरी जणींना लैंगिक संसर्ग नसतोच.

एचआयव्हीचंच बघ. देशातल्या बाधितांचा अंदाज ५० लाखांवर गेला होता, तो मुख्यतः गरोदर बायका आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या तपासणीवरून. २००५-०६च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी लाखभर लोकांचं रक्त तपासलं, पाहणीची केंद्रंही वाढवली, आणि २००७ साली अंदाज २५ लाखांच्या आसपास आला. रोग काही एका वर्षात निम्मा झाला नव्हता!

म्हणून घरांतून नमुना काढ. नुसत्या मतदारयादीवर विसंबलीस तर ऊसतोडीच्या टोळ्या आणि इचलकरंजीत मागावर काम करणारे परप्रांतीय सुटतील. दुपारी गेलीस तर पुरुष भेटणार नाहीत. नकार देणाऱ्यांचं निदान वय आणि कामधंदा तरी विचार. त्यांच्यातलं प्रमाण वेगळं असू शकतं.

आता चाचणी. समज, हजारांत खरे बाधित २० आहेत. चाचणी बाधितांतले ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांतल्या ९८ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. म्हणजे खरे पॉझिटिव्ह १८, खोटे जवळजवळ २०. तुझ्या तक्त्यात २ऐवजी ३.८ टक्के दिसतील. त्यातून खोट्या पॉझिटिव्हचे २ टक्के वजा कर आणि ०.८८ने (०.९० अधिक ०.९८ वजा १) भाग, की पुन्हा २ येतात. ही दुरुस्ती न करता आकडा छापू नकोस. सिफिलिसला टीपीएचए या रक्तचाचणीसोबत व्हीडीआरएल ही दुसरी, उपचारानंतर सहसा उतरणारी चाचणीही हवी, कारण उपचार होऊन गेलेल्यांची टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते.

सर्वांत महत्त्वाचं राहिलं. ज्यांचा नमुना घेशील त्यांना निकाल गुप्तपणे कसा कळवणार, औषध त्यांना आणि जोडीदाराला कुठे मिळणार, हे आराखड्यात कुठेच नाही. ते लिहून आण, मगच मी सही करेन.

तुझे,
सर