तुमचे प्रश्न: मेनूत मराठी दिसतं, कोडमध्ये का सापडत नाही?

प्रश्न (सांगलीहून एक वाचक): मी लिबरऑफिस (फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर) मराठीत वापरते. एका मेनूतलं भाषांतर खटकलं म्हणून गिटवरून (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारी व्यवस्था) सगळा सोर्स कोड उतरवून घेतला आणि तो शब्द शोधला, तर एकही निकाल नाही! ओपन सोर्स म्हणतात ना, मग मराठी कुठे लपवून ठेवलंय?

उत्तर: लपवलेलं नाहीये हो, तुमच्याकडे उतरलंच नाहीये. लिबरऑफिसची भाषांतरं मुख्य कोडमध्ये नसतात, 'ट्रान्सलेशन्स' नावाची वेगळी रिपॉझिटरी (कोडचं कोठार) आहे आणि ती मुख्य कोडला सबमॉड्यूल, म्हणजे बाहेरून जोडलेला भाग, म्हणून जोडलीये. नुसतं क्लोन केलं, म्हणजे कोठाराची प्रत उतरवली, की त्या नावाचं फोल्डर येतं पण रिकामं, ते वेगळं भरून घ्यावं लागतं. एकदा भरलं की आत 'सोर्स', त्यात 'एमआर' (म्हणजे मराठी), आणि त्यात पीओ फाइलींचा, म्हणजे भाषांतराच्या फाइलींचा, ढीग. मराठी तिथे शोधायचं.

पीओ फाइलमध्ये प्रत्येक वाक्याशेजारी मूळ इंग्रजी असतं, त्याच्या वर ते कुठल्या फाइलमधून आलं तो पत्ता आणि एक ओळखनाव. खरी किल्ली म्हणजे ते ओळखनाव. ते घेऊन मुख्य कोडमध्ये शोधलं की तो मजकूर कुठल्या डायलॉगमध्ये, कुठून वापरलाय ते कळतं. इंग्रजी वाक्य घेऊन शोधायला गेलात तर बहुतेक वेळा फसाल, कारण कीबोर्डच्या शॉर्टकटसाठी शब्दाच्या मध्येच एखादं अंडरस्कोअर किंवा लाटेसारखं चिन्ह (टिल्ड) घुसवलेलं असतं, म्हणजे 'सेव्ह ॲज' डोळ्यांना सलग दिसतं पण फाइलमध्ये सलग नसतंच.

आता खास आपल्या लिपीची गंमत. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला तो आडवा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, आणि दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडणारं अक्षर, मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण शोधणाऱ्या प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द, आणि तो काही तुमच्यासाठी अंदाज लावत बसत नाही. म्हणून मराठी शोधताना आख्खा शब्द देऊच नका, 'दुस' एवढंच द्या, किंवा वाक्यातला बिनजोडाक्षरी शब्द पकडा. निकाल थोडे जास्त येतील, येऊ देत.

आणि चूक खरंच असेल तर कोडला हात लावायची गरज नाही, लिबरऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या वेबलेटवर (भाषांतराची वेबसाइट) अकाउंट काढून तिथेच सुधारणा सुचवता येते.

प्रश्न (ठाण्याहून): कंस, टिंबं, दोन अपूर्णविराम असलेली ओळ साध्या गूगलमध्ये टाकली की काहीच्या काही येतं. कोडसाठी वेगळं गूगल आहे का?

उत्तर: होतं! गूगल कोड सर्च 2006 मध्ये सुरू झालं आणि जानेवारी 2012 मध्ये बंद केलं. पण ते बनवणाऱ्या रस कॉक्सने त्याच महिन्यात आतली युक्ती लिहून टाकली आणि सोबत छोटं टूलही फुकट दिलं: सगळ्या कोडचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून त्यांची सूची ठेवायची, मग कितीही विचित्र पॅटर्न (शोधायच्या मजकुराचा नमुना) द्या, आधी सूचीवरून मोजक्या फाइली निवडायच्या आणि फक्त त्याच उघडून बघायच्या. डेबियन कोड सर्च (डेबियन ही एक लिनक्स प्रणाली) याच कल्पनेवर उभं राहिलं, आणि डेबियनमधली सगळी पॅकेजेस एकदम धुंडाळायची तर माझं मत त्यालाच. गिटहबवर (लोकांनी आपापला कोड ठेवलेली वेबसाइट) लॉगिन करून शोधा, पॅटर्न दोन तिरप्या रेषांमध्ये लिहा. लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) बूटलिन कंपनीची एलिक्सिर ही साइट, फायरफॉक्स ब्राउझरच्या कोडसाठी सर्चफॉक्स. स्वतःच्या मशीनवर रिपग्रेप हे शोधायचं टूल, फक्त ते गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) आणि लपलेल्या फाइली आपणहून वगळतं, तेव्हा 'सापडत नाही' म्हणण्याआधी तेवढं बघून घ्या.

प्रश्न (फलटणहून, विद्यार्थी): सर, पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) डेटाफ्रेमला, म्हणजे तक्त्याला, 'अपेंड' करायचं (ओळी जोडायचं) ट्युटोरियलमध्ये दिलंय, माझ्याकडे चालतच नाही, म्हणतं असं काही नाहीच. गिटहबवर शोधलं तर तिथेही नाही. मग ट्युटोरियलवाला खोटं बोलतोय का?

उत्तर: नाही रे, तो जुनं बोलतोय. पांडाजच्या 1.4 व्हर्जनमध्ये डेटाफ्रेमचं अपेंड 'पुढे काढून टाकणार' म्हणून जाहीर झालं आणि 2.0 मध्ये, म्हणजे एप्रिल 2023 ला, काढलं. त्याऐवजी 'कॉनकॅट' वापर. नवं पायथन कधीकधी 'तुला अंडरस्कोअर अपेंड म्हणायचंय का?' असं आपणहून विचारतं आणि पोरं ते वापरून मोकळी होतात. ते करू नको, अंडरस्कोअरने सुरू होणारं म्हणजे घरातल्यांसाठी (लायब्ररी बनवणाऱ्यांसाठी), उद्या न सांगता बदलतील.

गिटहबचा शोध मुख्य शाखेतच बघतो, त्यामुळे काढून टाकलेली गोष्ट तिथे दिसणार कशी? रिपॉझिटरी क्लोन कर आणि 'गिट लॉग' पुढे डॅश, कॅपिटल एस आणि शोधायचा मजकूर दे. ज्या ज्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) तो मजकूर आला किंवा गेला तेवढेच समोर येतात, आणि कमिटच्या संदेशात बहुतेक वेळा का काढलं त्या चर्चेचा नंबरही असतो. पांडाजमध्ये अपेंड नावाची इतर फंक्शन्सही आहेत, म्हणून शोध 'फ्रेम डॉट पीवाय' या फाइलपुरताच ठेव नाहीतर वाचत बसशील. आणि डॉक्युमेंटेशन उघडलंस की आधी वरचा व्हर्जनचा आकडा बघ, तुझ्या मशीनवरच्याशी जुळतो का. डेव्हडॉक्स या डॉक्युमेंटेशनच्या साइटवर व्हर्जन निवडून ऑफलाइन ठेवता येतं, होस्टेलचं नेट गेलं तरी चालतं. कागदपत्रात नीट कळलं नाही तर सरळ कोडमधल्या 'टेस्ट्स' (चाचण्यांच्या) फोल्डरमध्ये शोध. तिथली उदाहरणं चालवून बघितलेली असतात.

प्रश्न (त्याच पत्रात खाली): आणि सापडलेला कोड प्रोजेक्टमध्ये तसाच टाकला तर चालतो ना?

उत्तर: लायसन्सची फाइल बघ. नसेल तर वाचायला मोकळं, उचलायला नाही, हक्क लिहिणाऱ्याचेच. एमआयटी नावाचं लायसन्स असेल तर त्याची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेव. जीपीएल नावाचं लायसन्स असेल तर प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना तुझा कोडही त्याच अटींवर द्यावा लागेल, तेव्हा गाइडना आधी विचार.