शस्त्रक्रियेत हातमोज्यांच्या दोन जोड्या घालण्याची खरोखर गरज असते का?

निर्जंतुक हातमोजा घातला की रक्ताचा संपर्क टळतो, मग दुसरी जोडी कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. हातमोजा रक्त अडवतो, सुई अडवत नाही. आणि त्याला पडलेले छिद्र बरेचदा घालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, हीच खरी चिंतेची बाब आहे.

नोकरीच्या सुरुवातीला हाडाच्या एका शस्त्रक्रियेनंतर मोजे काढले, तेव्हा डाव्या तर्जनीच्या नखाच्या कडेला वाळलेल्या रक्ताची बारीक रेघ दिसली. कुठे टोचले नव्हते, दुखले नव्हते. ते रक्त किती वेळ कातडीला लागून होते, हे मला आजही सांगता येणार नाही. आता मी आत हिरवा आणि वर फिकट रंगाचा मोजा घालते. वरच्याला छिद्र पडले की ओलावा आत शिरून तिथे गडद हिरवा डाग उमटतो आणि मोजा लगेच बदलता येतो. शिवाय टाक्याची भरीव सुई दोन थरांतून जाताना तिच्यावरचे बरेचसे रक्त बाहेरच पुसले जाते.

बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची मात्र, लस घेतलेली नसल्यास, ६ ते ३० टक्के. म्हणून लसीचे तिन्ही डोस आणि नंतरची अँटीबॉडी तपासणी (लसीने संरक्षण तयार झाले का, हे पाहणारी रक्तचाचणी) मी मोज्यांइतकीच महत्त्वाची मानते.

दोन मोज्यांनी बोटांची जाणीव कमी होते, ही तक्रार सुरुवातीला खरी असते. आतला मोजा अर्धा नंबर मोठा घ्यावा. काही आठवड्यांत हात सरावतो. (१८८९-९०च्या सुमारास अमेरिकन शल्यविशारद डॉ. हॅल्स्टेड यांनी रबरी हातमोजे करून घेतले ते रुग्णासाठी नव्हे, तर जंतुनाशकाने कातडी सोलवटलेल्या कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेसाठी, हे मला फार मोलाचे वाटते.)

एवढे करूनही टोचलेच, तर बोट पिळू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि शस्त्रक्रिया संपण्याची वाट न पाहता वरिष्ठांना कळवावे, कारण एचआयव्हीप्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि पुढे २८ दिवस घ्यावे लागते.