कल्ट, अनवट आणि ‘माले धाड’

धुळ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांचा मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे; कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, कुणी अजून गावातच. फारसे कुणी न पाहिलेले सिनेमे आणि माहितीपट हुडकायचे आणि एकमेकांना कळवायचे, एवढाच त्या ग्रुपचा उद्योग. ग्रुपच्या वर्णनात एक मराठी ओळ असावी म्हणून त्यांनी इंग्रजी ओळीचं फोनकडूनच भाषांतर करून घेतलं, तर हाती आलं ते असं: ‘अस्पष्ट पंथ चित्रपट आणि ऑफबीट वृत्तचित्रे मित्रांसोबत सामायिक करा.’ आता ते विचारतात, कल्टला ‘पंथ’ म्हणायचं का, हे ‘अस्पष्ट’ कुठून आलं, आणि ‘शेअर’ला ‘सामायिक करा’ चालेल का.

‘सामायिक’पासून सुरुवात करतो, कारण हसू तिथेच आलं. आपल्याकडे विहीर सामायिक असते, बांध सामायिक असतो, सातबाऱ्यावर क्षेत्र सामायिक असतं. आणि या तिन्हींपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला जायचे बंद झालेले असतात. सामायिक म्हणजे एक वस्तू आणि धनी अनेक. मी तुम्हाला एखादा सिनेमा कळवला म्हणून आपण त्याचे सहहिस्सेदार होत नाही. गेली काही वर्षं फोन आणि संगणकाच्या मराठीने ‘सामायिक करा’ रूढ करायचा चंग बांधलाय. बटणावर वाचायची आता सवय झाली आहे, पण तोंडाने म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

‘वाटणे’ही इथे बसत नाही. पेढे वाटले की पुडा रिकामा होतो, शेत वाटलं की तुकडे पडतात. सिनेमा दुसऱ्याला दिला तरी आपल्याकडे राहतोच.

मग लोक काय म्हणतात? ‘टाक’. ‘ग्रुपवर टाक ना भो.’ मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड देऊन पिच्चर भरून आणायचे दिवस होते, तेव्हाही ‘दोन पिच्चर टाकून द्या’ असंच सांगायचे. तेच क्रियापद आता ग्रुपवर आलं. त्यातही बारकावा आहे: ‘पिच्चर टाक’ म्हटलं तर फाइल, ‘लिंक टाक’ म्हटलं तर नुसता पत्ता. (हा फरक कायद्यालाही कळतो. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा नव्या सिनेमाची लिंकच टाकलेली बरी, तीही अधिकृत.) याखेरीज कळवणे, सुचवणे, पाठवणे, दाखवणे ही सगळी आहेतच, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

तुम्ही धुळ्याचे, म्हणजे तुमच्या घरात याहून चांगलं क्रियापद पडून आहे: धाडणे. ‘माले बी धाड’, म्हणजे अहिराणीत ‘मलाही पाठव’. जळगावकडे, लेवा बोलीत, हेच ‘मले बी धाड’ होईल. प्रमाण मराठीत धाडणे हल्ली जरा ऐतिहासिक कादंबरीतल्या खलित्यासारखं वाटतं, अहिराणीत ते रोजच्या वापरातलं आहे. तसंच ‘दाखव’साठी ‘दखाड’. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, आणि त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या मागे धुळ्याच्याच राजवाडे संशोधन मंडळाने छापला. ज्या गावाने मराठीला क्रियापदांचा कोश दिला, त्या गावाच्या ग्रुपवर ‘सामायिक करा’ बरं दिसत नाही.

आता कल्ट. ‘पंथ’ म्हटलं की आपल्याला महानुभाव आठवतात, नाथ आठवतात. पंथाला गुरू लागतो, दीक्षा लागते, आचार लागतो. ‘पंथ चित्रपट’ वाचून माणूस चक्रधरस्वामींवरचा सिनेमा शोधायला लागेल. पण फोनचं चुकलं ते फक्त शब्द निवडण्यात नाही. हा शब्द सिनेमाला चिकटलेला दिसला तरी तो बोलतो प्रेक्षकांबद्दल. तमाशापट, भयपट, चरित्रपट हे प्रकार सिनेमाच्या आत काय आहे ते सांगतात. कल्ट हा तसा प्रकार नाही. सिनेमा कसलाही असो, त्याच्यापाशी पुन्हा पुन्हा येणारी, संवाद तोंडपाठ असलेली, भेटल्यावर एकमेकांना ओळखणारी थोडकी माणसं असतील, तर तो कल्ट.

शब्द ज्या अर्थी आज फिरतोय तो अर्थ साधारण १९७०पासूनचा. न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात ‘एल टोपो’ नावाचा विचित्र सिनेमा मध्यरात्री लावला जाऊ लागला आणि तीच ती माणसं परत परत येऊ लागली. पुढे १९७५चा ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ आधी पडला, मग मध्यरात्रीच्या खेळांवर उभा राहिला. प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून यायचे, पडद्याशी बोलायचे, लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळायचे. आपल्याला यात फार नवल वाटायचं कारण नाही, जत्रेच्या तंबूत पडद्यावर चिल्लर उधळणारी मंडळी आपण ओळखतो. फरक एवढाच की तंबूतली चिल्लर गाजलेल्या नटासाठी असायची आणि इथली उधळण जगाने टाकून दिलेल्या सिनेमासाठी.

हे टाकून दिलेलं असणं महत्त्वाचं आहे. म्हणून ‘अशी ही बनवाबनवी’ला कल्ट म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. संवाद पाठ आहेत हे खरं, पण तो १९८८ साली आला तेव्हापासून सगळ्यांचाच लाडका आहे. लाडका, सदाबहार, घराघरातला, काहीही म्हणा. त्याच वर्षीचा कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ मात्र कल्ट: चित्रपटगृहात यायला त्याला २०१४ उजाडलं, तोवर ओळखीपाळखीतून, व्हिडिओच्या प्रतींवर तो जगला. आणि कांती शाह यांचा १९९८चा ‘गुंडा’ हाही कल्ट, अगदी उलट कारणासाठी. त्याचे यमक जुळवलेले संवाद लोक हसण्यासाठीच पाठ करतात.

‘गुंडा’मुळेच एक चांगला मराठी पर्याय बाद होतो. ‘दर्दींचा सिनेमा’ असं सुचवावं असं मनात होतं. गाण्याच्या बैठकीतून आलेला हा शब्द गर्दीच्या विरुद्ध उभा राहतो, थोडक्या जाणकारांचा असतो, सगळं जमतं. पण दर्दी माणूस चांगल्याचा दर्दी असतो. वाईट सिनेमावर जीव टाकणाऱ्याला दर्दी म्हणवत नाही. त्याला ‘वेड’ किंवा ‘नाद’ लागतो. तेव्हा माझं मत: विशेषण म्हणून ‘कल्ट’च ठेवा, आणि सलग वाक्य लिहिताना ते सोडून माणसांकडे वळा. ‘हा कल्ट चित्रपट आहे’ याऐवजी ‘या पिच्चरचे वेडे गावोगाव आहेत’, ‘याचा नाद लागला की सुटत नाही’.

‘अस्पष्ट’ ही मात्र निव्वळ गंमत. ‘ऑब्स्क्युअर’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ दोन, धूसर आणि फारसा माहीत नसलेला. फोनने पहिला उचलला. चौथ्या हाताच्या व्हिडिओ कॅसेटच्या काळात दोन्ही अर्थ खरे ठरले असते म्हणा. इथे हवाय तो ‘अनवट’. गाण्यातले लोक क्वचित गायल्या जाणाऱ्या रागाला अनवट राग म्हणतात. राग अवघड असेलच असं नाही, वाईट तर नाहीच, फक्त कानावरून गेलेला नाही. (पायाच्या अंगठ्यात घालायच्या दागिन्यालाही अनवट म्हणतात, तो निराळा.) ‘दुर्मीळ’ मी टाळेन. दुर्मीळ म्हणजे मिळायला कठीण, आणि यूट्यूबवर पडलेली गोष्ट मिळायला कठीण नसते, सापडायला कठीण असते.

‘ऑफबीट’ला ‘चाकोरीबाहेरचा’ पुरतो. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेली वाट. यावरून मालेगावचे नासिर शेख आठवणं अटळ आहे, कारण त्यांनी बैलगाडीलाच क्रेन केलं: गाडीच्या टोकावर कॅमेरा, दुसऱ्या टोकाला माणसांनी दाबायचं की कॅमेरा वर. व्हिडिओ पार्लर चालवणारा हा माणूस. त्यांच्या ‘मालेगाव के शोले’त घोड्यांच्या जागी सायकली आहेत. कुणी म्हणेल, मालेगाव नाशिक जिल्ह्यात. असू द्या. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा कसमादे पट्टा बोलीने खान्देशचाच.

‘माहितीपट’ कशाला म्हणायचं हे सांगायलाही मालेगावच उपयोगी. ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा नासिरभाईंचा स्वतःचा चित्रपट, विडंबनपट म्हणा. यंत्रमागावर काम करणारे शफीक त्यात नायक होते. तो बनताना फैजा अहमद खान यांनी जे चित्रित केलं, तो २००८चा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट. आणि रीमा कागती यांचा २०२४चा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा त्याच माणसांवरचा, पण नटांनी केलेला कथापट. नावांची इतकी गल्लत होते की ग्रुपवर टाकताना कोणता ‘पट’ ते लिहाच. पट म्हणजे कापड. यंत्रमागांच्या गावाने एकाच गोष्टीचे तीन पट काढावेत हेही योग्यच.

‘वृत्तचित्र’ हा हिंदीचा शब्द आहे, आपण वापरायचं कारण नाही. मराठीत जुन्या लिखाणात ‘अनुबोधपट’ भेटतो. शब्द देखणा आहे, पण त्यातला बोध सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या काळाचा वास घेऊन येतो: मुख्य खेळाआधी दाखवायलाच लागणारी, शहाणं करून सोडणारी रिळं. ती संस्था १९४८ची. आज ‘माहितीपट’ रुळलाय, तोच घ्या, जरी त्यातला माहितीवरचा भर मला पुरता पसंत नाही. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं. त्यात माहिती किती आणि जादू किती? ‘डॉक्युमेंटरी’ हे नाव रूढ होतं ते पुढे, १९२६ साली जॉन ग्रिअर्सन यांनी ‘मोआना’ या चित्रपटावर लिहिताना वापरल्यापासून. हे ग्रिअर्सन आणि भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशीला भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडात बसवणारे जॉर्ज ग्रिअर्सन निराळे. अहिराणीवाल्यांचा राग आहे तो जॉर्जवर. ‘लघुपट’ मात्र माहितीपटाला म्हणू नका. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांच्या आसपास जातो, त्यात लघु काही नाही.

ग्रुपसाठी ओळ अशी सुचवतो: ‘अनवट सिनेमे, चाकोरीबाहेरचे माहितीपट. तुम्हाला वेड लावलेलं काही असेल तर धाडा.’ अहिराणीत हवी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्या; धुळ्याची आणि बागलाणाची अहिराणी एक नाही.

लिंगाचाही गोंधळ होतो म्हणून जाता जाता: माहितीपट तो, डॉक्युमेंटरी ती. एकाच वाक्यात दोन्ही आले तर क्रियापद जवळच्या शब्दाप्रमाणे चालवा. आणि ‘पिच्चर’ पुण्याकडे ‘तो’ असतो, आपल्याकडे कुणी ‘ती पिच्चर’ म्हणालं तर दुरुस्त करत बसू नका.