वाचकांचे प्रश्न : गारठा वडणग्यात जास्त की पन्हाळ्यावर?

*(भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावरही मंगळवार पेठेतल्या गच्चीवर रोज तापमानाची वही भरणाऱ्या बाईंचं सदर. या वेळी आलेली बहुतेक पत्रं थंडीबद्दलची आहेत.)*

बाई, परदेशात ‘कोल्ड फ्रंट’ आला की तासाभरात पारा धाडकन उतरतो म्हणे. आम्ही चार मित्र गच्चीवर थर्मामीटर लावून वाट बघतोय. कोल्हापुरात असा फ्रंट येतो का? आला तर कळणार कसा?
— अकरावीतला विद्यार्थी, शाहूपुरी

फ्रंट हा शब्द लढाईतला. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या हवामानशास्त्रज्ञांनी तो उचलला. थंड हवा आणि उबदार हवा जिथं समोरासमोर ठाकतात, ती रेघ म्हणजे फ्रंट. पुस्तकात तिला ‘शीत आघाडी’ म्हणतात, पण आघाडी म्हटलं की कोल्हापूरकराला आधी निवडणूक आठवते, म्हणून मी वर्गातसुद्धा फ्रंटच म्हणायचे.

तशी धारदार रेघ आपल्या अक्षांशापर्यंत टिकत नाही. आपल्याला मिळतं ते तिचं शेपूट. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी चक्रावात काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून पुढं सरकतो आणि त्याच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, गार हवा खाली उतरायला लागते. ती आधी राजस्थान-मध्य प्रदेश गाठते, मग निफाड, नाशिक, पुणे. निफाडचा आकडा बातम्यांत झळकला की मी स्वेटर उन्हात टाकते. आपल्यापर्यंत येईतो ती हवा वाटेत बरीच ऊब खाऊन आलेली असते, त्यामुळे ‘धाडकन’ काही होत नाही.

आणि पारा सगळ्यात शेवटी बोलतो. आधी वारा बदलतो. पूर्वेकडचा दमट वारा थांबतो आणि दोरीवरच्या शर्टांच्या बाह्या दक्षिणेकडं उडायला लागतात. मग हवा कोरडी होते. माझ्याकडं दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेत. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली पट्टी आहे, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. पट्टीतलं पाणी उडताना तो गार होतो, हवा जितकी कोरडी तितका जास्त. सकाळी साडेआठला दोघांत एरवी दोन-तीन अंशांचा फरक असतो. उत्तरेची हवा पोचली की तोच पाच-सहावर जातो आणि बाटलीतलं पाणी भराभर आटतं. पारा त्यानंतर एक-दोन रात्रींत उतरतो. पट्टी मात्र आठवड्याला बदल. आपल्या नळाच्या पाण्यानं ती कडक होते आणि मग खोटं बोलते.

बॅरोमीटर घेणार असाल तर माझी फजिती ऐकून ठेवा. आपल्याकडं हवेच्या दाबाला समुद्रासारखी भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलनं उतरतो, रोज. पहिल्या वर्षी काटा उतरला की मी वादळ येणार म्हणून गच्चीवरच्या कुंड्या आत घ्यायचे. ह्यांनी चार दिवस हसू दाबलं, पाचव्या दिवशी नाही. आजचे दहा कालच्या दहांशीच ताडून बघायचे. आणि काटा ९५०च्या आसपास दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे. फोनमध्ये हजाराच्या वर दिसतो तो आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो.

रात्रपाळीची लाईट असली की पहाटे उसाला पाणी पाजायला जातो. हात बधिर होतात. पन्हाळ्यावरचा मेहुणा म्हणतो, वर एवढी थंडी नाही. उंचावर जास्त गार पाहिजे ना?
— शेतकरी, वडणगे

तुमचा मेहुणा खोटं बोलत नाही.

दर शंभर मीटर चढलं की अर्धा-पाऊण अंश उतरतो, हा नियम दुपारचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तो उलटा होतो. जमीन उघड्या आभाळाखाली आपली ऊब सोडत राहते आणि तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड. ती पाण्यासारखी उतार शोधते आणि पंचगंगेच्या काठच्या सखल रानात साचून राहते. तुम्ही पाटातल्या पाण्यात उभे असता, तसेच हवेच्या तळ्यातही उभे असता.

एका जानेवारीत भाच्याची गाडी घेऊन पहाटे साडेपाचला मीच निघाले, खिडकीबाहेर काठीला थर्मामीटर बांधून. शिवाजी पुलापलीकडं ११ अंश. केर्लीपर्यंत फार फरक नाही. रस्त्याकडेच्या गुऱ्हाळाचा धूर सरळ वर गेला आणि नारळाच्या उंचीवर छताला टेकल्यासारखा आडवा पसरला. ते छत म्हणजेच गार हवेचा वरचा काठ. वाघबीळ चढताना मी काच खाली केली तर गालाला चक्क कोमट झुळूक लागली! भाचा म्हणाला, “मावशी, हीटर चालू नाहीये बरं का.” वर तीन दरवाजापाशी साडेचौदा. नऊला परत येताना सगळं पुन्हा पुस्तकाप्रमाणं होतं, खाली उबदार, वर गार.

उत्तरेचा वारा थंडी आणून देतो, पण पारा तळाला नेते ती वारा पडलेली रात्र. रात्रभर वारा सुटला तर अंगाला झोंबतं जास्त, पण हवा घुसळत राहते आणि आकडा तेवढा उतरत नाही. अशा रात्री तुमच्यात आणि मेहुण्यात भांडण होणार नाही.

मोबाईल १३ दाखवतो, गाडी १६, पेपरात १४. खरं काय धरायचं?
— गृहिणी, कसबा बावडा

पेपरातलं. मोबाईलचा आकडा बहुधा गणितानं काढलेला असतो आणि गाडी स्वतःचं इंजिनही मोजते. हवामान खात्याचा थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो आणि पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही.

माझा पहिला थर्मामीटर न्हाणीघराच्या भिंतीला होता. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडायची आणि पहाटे पलीकडं बंब पेटायचा. दोन हिवाळे मी बंबाचं तापमान लिहीत होते. ती पानं वहीत अजून आहेत, वर तिरकी काट मारलेली.

यंदा थंडीची लाट येणार का?
— बरेच जण

मैदानी भागात पारा १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश खाली गेला, की खातं लाट म्हणतं. जानेवारीत आपला किमान पारा १४-१५च्या घरात असतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. पुण्यात १७ जानेवारी १९३५ला १.७ नोंदलाय, पण ते पुणं.

आलेली थंडी मोडते ती बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरामुळं. २०२४च्या नोव्हेंबरअखेर ‘फेंगल’ चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि इकडं महाराष्ट्रात ढग येऊन थंडी पळाली. ढग म्हणजे रानावर टाकलेली वाकळ, खालची ऊब वर जाऊ देत नाही. तेव्हा संध्याकाळी रंकाळ्यावर गेलात तर आधी आभाळ बघा. चांदण्या लखलखीत आणि पाणी हलत नसेल, तर मुलांना सकाळी कानटोपी.