‘शिकली की ती आमची राहणार नाही’

“मुलीला शिकवायला आमची ना नाही, पण...” या ‘पण’नंतर कधी खर्च येतो, कधी लांबचा प्रवास, कधी ‘जग वाईट आहे’. ही कारणं खोटी नसतात. प्रवासाची भीती खरीच असते. तिच्यावर सोबत, वसतिगृह असे उपाय शोधावेच लागतात. पण एक अडचण सुटली की लगेच दुसरी पुढे येऊ लागली, तर मी उपाय सुचवायचं थांबवते आणि नुसतं ऐकते. बहुतेक वेळा तळाशी एकच वाक्य सापडतं: शिकली की ती आमची राहणार नाही.

एका वडिलांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी सतरा वर्षांची, घरात इतकी शिकलेली पहिलीच. पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृहात जागा मिळाली, तरी वडील अर्जावर सही करेनात. घरात अबोला. शेवटी तिच्या शिक्षिकेने आई, वडील आणि मुलगी अशा तिघांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं.

पहिल्या दोन भेटी वादातच गेल्या. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं सव्विसावं कलम मुलीला पाठ होतं: शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे.

“मग बापाला काही हक्कच नाही का?” वडील म्हणाले.

“आहे,” मी म्हटलं. “त्याच कलमात आहे. मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे आईवडिलांनी निवडावं. द्यायचं की नाही, हे नव्हे.”

ते गप्प झाले. पण गप्प होणं म्हणजे पटणं नव्हे, आणि वादात हरलेला बाप सही करत नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे. तिसऱ्या भेटीला त्यांना एकट्यांना बोलावलं.

“तिची पुस्तकं बघता कधी?”

“बघतो. कळत नाहीत.” मग बराच वेळ थांबून म्हणाले, “आधी घरात पाऊल टाकलं की सगळं मला सांगायची. आता सांगता सांगता थांबते. ‘जाऊ दे बाबा’ म्हणते. ती ‘जाऊ दे’ म्हणाली ना, की मीच गेल्यासारखा वाटतो.”

“मुलगा असता आणि तोही असंच म्हणाला असता तर?”

“मुलगा बापाच्या पुढे गेला तर अभिमानच...” वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. स्वतःच्याच तोंडून ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे खाली बघत राहिले.

त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या शाळेचा विषय निघाला. त्यांच्या वस्तीतल्या मुलांना मागे, वेगळं बसवायचे. ‘तुला शिकून काय करायचंय’ हे त्यांना शिकलेल्या माणसांनीच ऐकवलं होतं. चौथीनंतर ते शाळेत गेले नाहीत.

त्या दिवशी मला माझीही चूक उमगली. ‘शिक्षणाने माणूस मोठा होतो’ हे मी किती पालकांना सहज सांगत आले होते! ज्याला शिकलेल्यांनीच लहान केलं, त्याला हे वाक्य धमकीसारखं ऐकू येतं. या वडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता. मुलगी त्या लोकांसारखी होईल आणि आपल्याकडे त्यांच्याच नजरेने बघेल, याची त्यांना धास्ती होती.

आपले विचार तपासून बदलता येतात असं मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा भरवसा आहे तो इथेच. मुलीने मान द्यावा ही इच्छा रास्त आहे. तिला जास्त कळलं तर मी कमी ठरेन, हा निष्कर्ष मात्र आपण स्वतःच काढलेला असतो, म्हणून तो तपासताही येतो. मी विचारलं, “मुलगी आईपेक्षा उंच झाली, तेव्हा आई बुटकी झाली का?” उत्तर पुढच्या भेटीत द्या म्हटलं.

पुढच्या भेटीत मुलगीही होती. ‘जाऊ दे’बद्दल वडिलांनी तिला थेट विचारलं. ती चकित झाली. “बाबा, मला स्वतःलाच नीट समजलेलं नसतं, म्हणून सांगता येत नाही. लाज वाटते मला.”

“मग अर्धवट सांग,” ते म्हणाले. “मी तरी कुठे पूर्ण ऐकणार आहे?” दोघंही हसले.

आईने विचारलं, “आमच्याच घरात असं होतं का?” मुळीच नाही. युनेस्कोच्या २०२३च्या अंदाजानुसार जगात सुमारे २५ कोटी मुलं-मुली शाळेबाहेर होती, त्यांपैकी मुली १२ कोटींहून जास्त. त्यामागे गरिबी आहे, युद्धं आहेत, अंतर आहे. आणि काही घरांत अशी न बोललेली भीतीही असणार.

म्हणून मुलींना माझं सांगणं आहे: हक्क सोडू नका, पण घरात फक्त हक्काच्याच भाषेत बोलू नका. जे शिकता ते घरी सांगा, आईवडिलांना जे येतं ते त्यांच्याकडून शिका. आईवडिलांनो, ‘नाही’ म्हणण्याआधी मुलगा असता तर काय म्हटलं असतं, ते मोठ्याने म्हणून बघा. घरकाम भावंडांत सारखं वाटा. अभ्यासाचा वेळ तिथूनच निघतो. तिच्याबद्दलचा निर्णय ती समोर असतानाच घ्या. आणि शिक्षकांनो, न शिकलेल्या पालकाला तुम्ही बसायला खुर्ची देता का, हे त्याची मुलगी बघत असते आणि तो पालकही.

सही झाली. अर्जातला ‘पालकाचे शिक्षण’ हा रकाना ते आजवर रिकामा सोडत आले होते. या वेळी तिथे त्यांनी आधी ‘चौथी’ असं लिहिलं, मग खाली सही केली.