केनियाला निघालेल्या पोरीला

सोलापूर,
रविवार रात्र

चि. पोरी,
सप्रेम सलाम.

आज चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी केनियातल्या बालगृहात बारा दिवस सेवेला जाणाऱ्यांची नावं वाचली. तुझं नाव आलं तेव्हा तू मागं वळून माझ्याकडं बघितलंस. मी हसले, पण बाहेर आल्यावर थांबले नाही. एक तर ऊन असं की पायऱ्यांवर चप्पल चिकटावी. दुसरं म्हणजे जे सांगायचंय ते उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले. लांबेल, चहा घेऊन बस.

आधी कागदांचं उरकते, कारण त्यात चुकलीस तर बाकीचं सगळं वाया. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढं किमान सहा महिने असू दे. पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी टोचून झालेली हवी. तो दाखला केनियापेक्षा आपल्याच देशात परत येताना जास्त लागतो. नसला तर मुंबईच्या विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवलेल्या केंद्रातच मिळते. त्यामुळं मुंबईची एक फेरी धर, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जा आणि दुसऱ्या रात्री परत ये. माझ्या वेळी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावी लागायची. २०१६ पासून एकदा टोचली की जन्मभर पुरते. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, आणि परत आल्यावरही ते सांगतील तितके दिवस घे. लोक घरी आले की गोळ्या सोडतात आणि मग थंडी वाजून येते. जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसा काढून टाकलाय, ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. तिथं येण्याचं कारण खरं तेच लिही. सेवेला चाललोय आणि कागदावर ‘पर्यटन’, असं नको. वेगळा परवाना लागतो का, हे तिथल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, लेखी विचारून घ्यायला पाळकसाहेबांना सांग.

झालं कागदांचं.

मी २०११ साली गेले होते, बारा दिवसांसाठी, नैरोबीपासून तीन तासांवरच्या एका बालगृहात. वय सेहेचाळीस. म्हणजे अक्कल यायला हवी होती. जाताना मंगळवार पेठेतून सात किलो गोळ्या-चॉकलेटं घेतली आणि बॅगेतले स्वतःचे कपडे काढून त्यांना जागा केली. गाडी फाटकात शिरली तशी मुलं धावत आली. मी तिथंच, गाडीच्या दारात, पिशवी उघडली. पुढचं अर्धं मिनिट काय झालं ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो एक चार-पाच वर्षांचा मुलगा. खाली पडला होता, खालचा ओठ फाटला होता आणि तरी मुठीतलं चॉकलेट सोडत नव्हता. तिथल्या मॅट्रनबाई आल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचं तोंड धुतलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत कुलपात ठेवली. रात्री जेवणं झाल्यावर मोठ्या मुलांनी लहानांना एकेक वाटलं, रांगेत, हसतखेळत. मी कोपऱ्यात उभी होते. एकतीस वर्षं बालवाडी घेतलेली बाई मी. आपल्या वर्गात अशी फाटकात पिशवी कधी उघडली असती का? नसती. मग परक्याच्या दारात का उघडली? कारण मला त्यांचे हसरे चेहरे बघायचे होते. त्यात माझाच हावरेपणा होता.

तेव्हा गोळ्या नेऊ नकोस. कपडे, वह्या, खेळणी, काहीही न विचारता नेऊ नकोस. तिथंही बाजार आहे, शिंपी आहे, वह्यांचं दुकान आहे. दुकानाला ते ‘दुका’ म्हणतात, आपल्या ‘दुकाना’चंच समुद्रापलीकडलं भावंड. वस्तू तिथून घेतलीस तर त्या दुकानदाराच्या घरातही चार पैसे जातात.

आता मुद्द्याचं.

त्या बालगृहात एक मुलगी होती, चारेक वर्षांची. पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर येऊन बसली ती बारा दिवस उतरली नाही. मी तिच्या वेण्या घालायचे, तिला ‘अटक मटक’ शिकवायचे. सगळे म्हणत होते, बघा कसा लळा लागलाय, आणि मला बरं वाटत होतं. मधल्या रविवारी उपासनेनंतर एक बाई केळ्यांचा घड डोक्यावर घेऊन आली आणि ही पोर माझ्या मांडीवरून उठून तिच्याकडं पळाली. मी मॅट्रनबाईंना विचारलं, ही कोण? म्हणाल्या, आई.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. आम्हाला तर सगळी मुलं अनाथ म्हणून सांगितली होती. आई मळ्यात कामाला जायची. पोरीला शाळा आणि दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून तिनं तिला तिथं ठेवलं होतं.

हे त्या एका बालगृहापुरतं असेल असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं. तसं नाही. युनिसेफसारख्या संस्था सांगतात की जगभरच्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप, कुणीतरी एक, जिवंत असतं. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रम पंच्याहत्तर टक्क्यांनी वाढले, आणि तिथल्या दर चार मुलांमागं साधारण तिघांचं कुणी ना कुणी हयात होतं. त्या पाच वर्षांत काही पटकी आली नव्हती. बाहेरून पाहुणे आणि पैसे यायला लागले, तशी मुलं ‘अनाथ’ व्हायला लागली. केनिया सरकारनं २०२२ साली दहा वर्षांची योजना आखलीय, संस्थांतली मुलं हळूहळू कुटुंबात परत न्यायची. तुम्ही जाताय तिथं या योजनेचं काय चाललंय, हे तिकीट काढायच्या आधी विचारा. किती मुलांना घरचे आहेत, त्यांना घरी पोचवायला संस्था काय करते, तेही विचारा. ‘आम्ही तुमच्यासारख्या पाहुण्यांची वाट बघतो’ एवढंच उत्तर आलं, तर पाळकसाहेबांना स्पष्ट सांग की जागा बदलू या. त्यांना राग आला तर माझं नाव घे.

आणि एक परीक्षा आहे. त्यांनी तुमच्याकडं पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र मागितलं का? नसेल मागितलं तर जे तुम्हाला सोडतात ते कुणालाही आत सोडत असतील, हे समज. मागितलं तर मान खाली घालू नकोस, त्यात अपमान काही नाही. उलट त्या घराला दार आहे, असं मान.

निघायच्या दिवशी ती पोर मला निरोप द्यायला आली नाही. मी शोधत गेले तर स्वयंपाकघराच्या मागं भिंतीकडं तोंड करून बसली होती. रडत नव्हती. मी हाक मारली, वळली नाही. मॅट्रनबाई म्हणाल्या, “गेल्या वर्षी एक पाहुणी आली होती, तिच्या वेळेला रडली. आता रडत नाही.”

पोरी, हे वाक्य मी चौदा-पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. परत आल्यावर मंडळीपुढं साक्ष दिली त्यातही नाही. तिथं मी लळ्याचीच गोष्ट सांगितली आणि बायकांनी डोळे पुसले.

म्हणून मांडीचं सांभाळ. माया कर, पण दिवसभर एकाच लेकराला कडेवर घेऊन फिरू नकोस. ते रडत आलं तर हात धरून तिथल्या ताईकडं ने, कारण पुढच्या बुधवारीही ती तिथं असणार आहे आणि तू नसणार. कधी जाणार ते मुलांना पहिल्याच दिवशी सांग. ‘पुन्हा येईन’ म्हणू नकोस. विमानात बसताना आपल्याला ते खरं वाटत असतं, म्हणून तर ते जास्त वाईट.

मग करायचं काय, असं विचारशील. तू पहिलीचा वर्ग घेतेस, तो सुद्धा पूर्व भागात. तुझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, कन्नड बोलणारी आहेत, आणि ‘शाळेची मराठी’ ऐकून जून महिनाभर गप्प बसणारी आहेत. तू त्यांना कसं बोलतं करतेस ते मी बघितलंय, त्या पद्मशाली पोराकडून तू भाज्यांची तेलुगू नावं वदवून घेतलीस आणि वर्गाला म्हणायला लावलीस. केनियातही असंच आहे. घरी किकुयू नाहीतर कांबा, बाजारात स्वाहिली, पुस्तकात इंग्रजी. तेव्हा मुलांसमोर नाचगाणी करण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांच्या शेजारी बस. त्यांचा वर्ग बघ. त्यांनी विचारलं तर तुझं सांग, आणि त्यांचं वहीत लिहून आण. ही देवाणघेवाण तू गेल्यावर फळ्यावर राहील. रंगवलेल्या भिंतीचं तसं नसतं. आमच्या गटानं तिथल्या वर्गाची भिंत रंगवली होती, आणि तीही वाईट, ओघळ आलेले. गावात रंगारी होता. त्याची चार दिवसांची रोजी आम्ही बुडवली.

प्रचाराची हौस कुणाला असेल तर त्याला एवढं सांग: केनियात शंभरातले पंच्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत. आपण सोलापुरातली मूठभर माणसं, तिथं जाऊन त्यांना प्रभूची ओळख करून देणार? त्यांच्या उपासनेला मागच्या बाकावर बस आणि गाणं ऐक. दोन तास सहज चालतं, पाय दुखतात.

फोटोंचं सांगायचं राहिलं. आमच्या घरात पणजीचा एक फोटो आहे, मूळ नाही, मिशनच्या जुन्या छापील अहवालातून काढलेली नक्कल. १८९९-१९०० च्या दुष्काळातला. पाच-सहा वर्षांची पोर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, कमरेला फडकं, हातात पाटी आणि पाटीवर खडूनं आकडा. खाली इंग्रजीत ‘अनाथ मुलगी’. नाव नाही. तो अहवाल अमेरिकेत गेला, लोकांनी पैसे दिले, त्या पैशावर पणजी जगली, शिकली. मी त्या माणसांचे उपकार विसरत नाही. पण पणजी अनाथ नव्हती. बापानं खायला नाही म्हणून आणून ठेवली होती. पुढं तो जुन्या मिलमध्ये लागला आणि दीड वर्षानं तिला न्यायला आला. तो फोटो तिनं म्हातारपणी पाहिला. आजी सांगायची, तिनं बराच वेळ बघून एवढंच विचारलं, “माझ्या अंगावर लुगडं का नाही घातलं यांनी?”

तुझ्या मोबाइलचं तू ठरव.

जायच्या आधी एकदा भैया चौकात कोटणीसांच्या स्मारकात जाऊन ये. शाळेची सहल घेऊन गेली असशील, आता एकटी जा. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातला हा आपल्या गावचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा. चिनी भाषा शिकला, तिथं संसार केला, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेला. हातात शस्त्रक्रियेची विद्या होती आणि तो राहिला, म्हणून चीनमध्ये अजून त्याचं नाव घेतात. मी तुला राहा म्हणत नाही. तुझी आई माझ्या दारात येऊन बसेल. फक्त बारा दिवसांना बारा दिवसच म्हण. गणगोतात ‘मिशन’ वगैरे शब्द वापरताना जीभ जरा आवर. मंडळीनं वर्गणी दिलीय, त्या पैशाचा हिशेब पावत्यांसकट दे. तुमच्या सगळ्यांच्या विमानभाड्यात तिथल्या एका शिक्षिकेचा किती महिन्यांचा पगार निघेल हेही तिथं विचारून ये. आकडा बघून झोप लागणार नाही. न लागू दे. पुढच्या वर्षी कुणाला पाठवायचं की पैसेच पाठवायचे, हे ठरवताना मंडळीला तो लागेल.

बाकी किरकोळ. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून सुती झगे भरू नकोस. नैरोबी महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे आणि तुम्ही जाताय तो जुलै तिथला गारठ्याचा. स्वेटर घे. जेवायला उगाली मिळेल, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी. हातानंच खातात, तुला जड जाणार नाही. चपाती आणि चहाही मिळेल, नावं जवळजवळ तीच. कॅरीबॅग एकही नेऊ नकोस, २०१७ पासून तिथं बंदी आहे आणि दंड जबर.

निघायच्या आधीच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर बॅग घेऊन ये, माझ्यासमोर भर. शेंगाचटणी कुटून ठेवते, पिशवीत नाही, स्टीलच्या डब्यात. आणि दोन चादरी काढून ठेवल्यात, चाटी गल्लीतून आणलेल्या, चांगल्या जाड. एक तुला पांघरायला. दुसरी तिथल्या मॅट्रनबाईंना दे, ज्या कोण असतील त्यांना. मुलांसाठी म्हणून नको. त्यांच्या स्वतःसाठी, असं सांगून दे.

तुझी,
शब्बाथशाळेच्या बाई