पन्नाशी ओलांडलेला पंक बँड ऐकायला सोलापूरहून मुंबईला जाणं परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय त्रेचाळीस, राहायला सोलापुरात, ग्रीन डे हा अमेरिकन पंक रॉक बँड कॉलेजपासून ऐकता, २०२५ ला ते मुंबईत आले तेव्हा जाणं जमलं नाही. आता तसाच एखादा जुना पंक बँड आला तर रात्रीचा प्रवास, तिकिटाचे पैसे आणि तरण्या पोरांची धक्काबुक्की सोसून जावं का, की म्हाताऱ्यांना यूट्यूबवरच बघावं?

जावं. मी गेलो होतो. ९ मार्च २०२५, रविवार, महालक्ष्मी रेसकोर्स, लोलापालूझा या संगीत महोत्सवाचा दुसरा दिवस. वय तुमच्याच आसपास, नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. सोबत पुण्यात शिकणारा पुतण्या. निघताना मित्र म्हणाला, "कशाला जाऊलालास बे एवढ्या लांब? आपल्याकडं मिरवणुकीत फुकट आवाज असतोय की." त्याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. तुम्हाला देतो.

आधी 'म्हातारे' या शब्दाचं बघू. बिली जो आर्मस्ट्राँग (गाणं आणि गिटार), माइक डर्न्ट (बेस गिटार), ट्रे कूल (ड्रम) हे तिघेही १९७२ चे. बिली आणि माइकने १९८७ मध्ये, पंधराव्या वर्षी, कॅलिफोर्नियात बँड काढला, ट्रे १९९० मध्ये आला. म्हणजे तेच तिघं पस्तीस वर्षं एकत्र वाजवतायत. मागे मदतीला आणखी वादक असतात, पण डोळे या तिघांवरच राहतात. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि आरडाओरडा, त्याला काय रियाज लागतो, असं शास्त्रीयवाले म्हणतात. त्यांना सांगा, एक पेन्सिल घ्या आणि टेबलाच्या कडेवर फक्त वरून खाली मारत राहा, जोरात, एकाच लयीत, तीन मिनिटं. मनगट बोलायला लागेल. बिली जोचा उजवा हात दीड तास बहुतेक तेच करत होता. गिटारवर मध्ये मध्ये खालून वर येणारा फटकाही घेतला तर सोपं जातं आणि वेगही मिळतो, पण मग आवाजाचा तो ठोसा जातो. म्हणून हे लोक बहुतेक वरून खालीच मारतात. पडद्यावर हाताचा क्लोजअप आला की मी गायकाकडे बघायचं सोडून मनगटच बघत होतो.

आणि त्याहून मोठी गंमत थांबण्यात आहे. त्यांच्या कितीतरी गाण्यांत मध्येच सगळं एकदम बंद होतं. गिटार, बेस, ड्रम, एका क्षणी तिघंही गप्प, आणि पुढच्या ठोक्याला तिघंही हजर. रेकॉर्डवर ते ऐकून कान निर्ढावलेले असतात. पण मैदानात हजारो लोकांसमोर, पाय जमिनीवरून सुटलेल्या गर्दीत तो अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडतो तेव्हा पोटात काहीतरी होतं. कुणी कुणाला खूण करत नाही. ट्रे कूल तर त्या वेळी काठी बोटांत फिरवत भलतीकडेच बघत होता. वीस वर्षांच्या पोरांचा बँड याच्या दुप्पट उड्या मारेल, पण हे असं थांबणं त्यांना जमणार नाही. पैसे त्याचे दिले, असं मी मानतो.

वयाचा परिणाम दिसत नाही असं नाही. दिसतो, पण तो त्यांनी कामाला लावलाय. कीर्तनकार जसा धृपद लोकांवर सोपवून दम घेतो, तसं बिली जो ओळ अर्धी सोडतो, मायक्रोफोन गर्दीकडे वळवतो, "हे-ओ" करून लोकांकडून आरोळ्या घेतो. तेवढ्यात त्याला श्वास मिळतो, आणि लोकांना वाटतं आपल्याला मान दिला. गर्दीतल्या कुणालातरी स्टेजवर बोलावून गायला लावायचं, ही त्यांची जुनी रीत. ज्याला बोलावतात तो थरथरत असतो आणि खाली उभे असलेले सगळे जिवाच्या आकांताने त्याच्यासाठी ओरडत असतात. एवढी अनोळखी माणसं एका अनोळखी माणसासाठी ओरडताना मी फक्त कुस्तीच्या फडात पाहिलीयत.

सप्टेंबरवालं गाणं तुम्हाला माहीत असेलच, 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स'. आमच्या वेळी नव्या पेठेत एमपीथ्रीची सीडी मिळायची, दीडशे गाण्यांची, नावं उलटसुलट छापलेली. त्यात हे गाणं पोरं-पोरी ब्रेकअपचं म्हणून ऐकायची. ते बिली जोच्या वडिलांवर आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये ते कॅन्सरने गेले तेव्हा पोरगा दहा वर्षांचा होता. वडील ट्रक चालवायचे आणि हौसेने जॅझ वाजवायचे, आई वेट्रेस. तो आता स्वतः पन्नाशी ओलांडून गेलाय, आणि तरी अजून तेच दहाव्या वर्षाचं दुःख परत गातो. पुतण्याला हे गाणं चालू असताना सांगितलं. तो म्हणाला, "काका, आत्ता नका ना सांगू," आणि तोंड फिरवलं.

आता एक आक्षेप तुम्ही घेतला नाहीत, पण खाली कमेंटमध्ये कुणीतरी घेणारच: मनगटाला चिपचा पट्टा, व्हीआयपींचा वेगळा कठडा, जागोजागी कंपन्यांचे फलक, हे कसलं पंक? आक्षेप खरा आहे आणि या बँडला तो नवाही नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची जागा आहे, १९८६ च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेली. सभासदांनीच चालवायची, आत दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांशी वेडंवाकडं वागणं नाही, आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेला बँड नाही. ग्रीन डे तिथेच वाढले. मोठ्या कंपनीशी करार केला आणि त्याच गिलमनचं दार त्यांना बंद झालं; त्या कंपनीकडून १९९४ मध्ये 'डूकी' हा अल्बम आला, लाखो प्रती खपल्या. पुन्हा गिलमनला वाजवायला मिळालं २०१५ मध्ये, तेही मदतनिधीच्या कार्यक्रमात. त्याच वर्षी त्यांचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलं. माझं मत विचाराल तर रेसकोर्सवरची ती जागा अजिबात पंक नव्हती, आणि स्टेजवरची माणसं होती. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मान्य आहेत. 'अमेरिकन इडियट' हे २००४ चं, इराक युद्धाच्या वेळचं गाणं. त्यातली एक ओळ बदलून ते ट्रम्पच्या 'मेक अमेरिका ग्रेट अगेन'वाल्या अजेंड्याला नकार देणारी गातात, २०२३ च्या ३१ डिसेंबरला तर टीव्हीवर सुद्धा, शिव्या खाऊन. ज्या जिल्ह्यात बार्शीला शाहीर अमर शेख जन्मले, ज्या शहरात १९३० ला मार्शल लॉ लागला, तिथल्या माणसाला सरकारच्या तोंडावर गाणं म्हणणं म्हणजे काय ते कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. पण ते पन्नाशीत, पैसा आल्यावर, चालू ठेवणारे थोडे असतात.

त्या रात्री आणखी एक भानगड होती. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, भारत विरुद्ध न्यूझीलंड, आपल्याला २५२ हव्या होत्या. मॅच आणि कार्यक्रम दोन्ही एकदमच शेवटाकडे आले. माझ्या पुढच्या पोराने एक हात वर करून मूठ आवळलेली आणि दुसऱ्या हातात फोनवर स्कोअर. जाडेजाने विजयी चौकार मारला ती बातमी गर्दीतून पसरत आली तेव्हा लोक गाण्यावर ओरडतायत की मॅचवर, हे कळायला मार्ग नव्हता. कॅलिफोर्नियाच्या तिघांना वाटलं असेल, मुंबईकर आपल्यावर फारच खूश आहेत.

तुमच्या-माझ्या वयाला खरी काळजी कानांची करावी, गुडघ्यांची नंतर. आमच्या घरात हा विषय जुना आहे. वडील आयुष्यभर पॉवरलूमवर होते, आता त्यांच्याशी उजव्या बाजूने बोलावं लागतं. हिशोब साधा आहे: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि असा कार्यक्रम दीड तास चालतो. कारखान्यात मिळणारे फोमचे बोळे मी खिशात घालून नेले होते. त्याने गाणं थोडं बुजतं, पण शब्द कळतात. पुतण्याने आधी नाक मुरडलं, मग तिसऱ्या गाण्याला हात पुढे केला. एक मात्र कबूल करायला हवं, आपल्या डॉल्बीत नुसता छातीवर दणका बसतो. इथे आवाज तेवढाच मोठा असूनही बेसचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. माइक डर्न्टचा बेस म्हणजे काय चीज आहे ते मला मोबाइलच्या स्पीकरवर कधीच कळलं नसतं.

उभं कुठे राहायचं? स्टेजसमोर नाही. मैदानाच्या मध्ये साउंडवाल्यांचा तंबू असतो, त्याच्या थोडं पुढे, किंचित बाजूला. आवाज जुळवणारा माणूस तिथून ऐकत असतो, म्हणून सगळ्यात नीट तिथेच ऐकू येतं. पुढे पोरं गोल रिंगण करून एकमेकांवर आदळतात. ते लांबून भीतीदायक दिसतं, पण कुणी पडला तर चार जण लगेच उचलतात, हा त्या रिंगणाचा नियम. मी कडेने एक चक्कर मारली. बूट घाला, सँडल नको. बाहेरचं खाणं-पिणं आत चालत नाही, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीतच उरकायची. मुंबईच्या दमट घामाला आपलं कोरडं ऊन सोसलेला माणूस लवकर शरण जातो, म्हणून पाणी पीत राहा.

जाताना सिद्धेश्वर एक्स्प्रेस उत्तम, रात्री बसायचं, सकाळी मुंबई. येताना मात्र त्याच रात्रीच्या सिद्धेश्वरचा नाद सोडा. दहाला लाउडस्पीकर बंद, हा कायदा मुंबईत तरी पाळतात (आपल्या मिरवणुकांचं मला विचारू नका), पण एवढी गर्दी गेटातून बाहेर पडून महालक्ष्मी स्टेशन गाठेपर्यंत ती गाडी निघून गेलेली असते. शेवटचं गाणं सोडून धावत सुटलेली माणसं मी पाहिली. ते गाणं नुसत्या साध्या गिटारवर असतं आणि त्यासाठी थांबायलाच हवं. दादरला कुणा नातेवाइकाकडे झोपा आणि सकाळची उद्यान एक्स्प्रेस पकडा, दुपारी सोलापुरात असता.

एकट्याने जायचं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. खुशाल जा. दुसऱ्या गाण्यानंतर कोण कुणाबरोबर आलंय हे कळत नाही. फक्त सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा आणि मंगळवारचीही जमली तर बघा. मान वळत नाही.